मान उभी, मान आडवी

३ ऑक्टोबर
आले बाई एकदाची रुसेला. खोली वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून डॅन्यूब नदी दिसते, आणखी काय हवं? घरमालकीण त्सोनकामावशी खालीच राहते. तिनं जिन्यातच चीज भरलेली गरम बानित्सा हातावर ठेवली आणि विचारलं, एकटीच का गं, नवरा कुठं ठेवून आलीस? म्हटलं, मातीत, मावशी. ती ओशाळली आणि आणखी एक तुकडा वाढला. मी दोन्ही खाल्ले. इमारतीच्या दारावर, सगळीकडे असतात तसे, मेलेल्यांचे फोटो छापलेले कागद डकवलेत. त्यांनाही सांगितलं, मी नेव्याना, डोंगरातून आले. इथं कुणीतरी मला नावानं ओळखायला हवं ना.

६ ऑक्टोबर
काम घरूनच. चोर दुसऱ्याचं कार्ड वापरून इंटरनेटवरच्या दुकानांतून माल उचलतात आणि दुकानदार बसतो बोंबलत. म्हणून संशयाची ऑर्डर माझ्याकडे येते. हिरवं बटण दाबलं की माल सुटला, लाल दाबलं की अडला. आमचे साहेब ग्रोझदानदादा सोफियाला असतात, भेट फोनवरच. त्यांनी परदेशातून मशीन आणलंय. ते गिऱ्हाइकाला फोनसमोर बसवतं आणि विचारतं, हे तुम्हीच का? गिऱ्हाइकानं मान हलवायची.

आता गंमत बघा. आपण बल्गेरियातले लोक ‘हो’ म्हणायला मान आडवी हलवतो, आणि वरखाली केली की ‘नाही’. मशीनला नेमकं उलटं शिकवलंय. दादा म्हणाले, लोकांना आता सवय झालीय, मशीन म्हणेल ते खरं, तू डोकं चालवू नकोस. मग पगार कशाचा देता, असं ओठांवर आलं होतं.

१४ ऑक्टोबर
आज एक ऑर्डर माझ्याच नावाची आली. आडनावसुद्धा माझंच. निळ्या कपांची जोडी, गाव रुसे. असेल कुणी दुसरी. पडद्यावर अंधाऱ्या खोलीत बसलेली बाई, ओढणी पार कपाळाखाली. मशीननं विचारलं, नेव्याना तुम्हीच का? तिनं सावकाश मान वरखाली केली. मशीन म्हणालं, हो.

मला मात्र ती सरळ ‘नाही’ म्हणतेय असंच वाटलं. अगदी आमच्या आईसारखी, शांतपणे. पण डोकं चालवायचं नाही ना. दाबलं हिरवं.

१९ ऑक्टोबर
दारात खोकं. आत निळ्या कपांची जोडी. मी मागवलेली नाही. परत करायला हवे होते, पण ठेवून घेतले. एका कपात लिंडेनच्या फुलांचा चहा घेतला आणि दुसरा भरून समोर ठेवला. वेडेपणाच, पण आल्यापासून पहिल्यांदा घरात बरं वाटलं. दिवसभर तोंड उघडायला माणूस नसतं. परवा तर ब्रेडवाल्याशी उगाच हवेबद्दल बोलत बसले.

२७ ऑक्टोबर
मावशी जिन्यात भेटली. म्हणाली, काल केवढ्या गप्पा मारल्यास गं, मला वाटलं होतं तू घुमी आहेस. मी काल तापानं अंथरुणातून उठले नव्हते. तसं सांगितलं तर हसली. म्हणाली, ताप डोक्यात गेला वाटतं. फक्त ती मान परदेशी पाहुण्यांसारखी काय डोलावतेस? नेव्याना अशी हाक मारली की मान वरखाली. हो म्हणतेस की नाही, काही कळेना.

आणि जाताना म्हणाली, ये हं, कालच्यासारखी.

कालच्यासारखी. मला रडूच आलं. माझ्याशी ती कधी एवढं बोलली नव्हती.

२ नोव्हेंबर
पुन्हा माझ्या नावाची ऑर्डर. या वेळी उजेड होता. खिडकीत डॅन्यूब. माझी खिडकी. ओढणीखाली माझं तोंड.

मशीननं विचारलं. तिनं मान वरखाली केली. ती खरंच सांगत होती, पहिल्या दिवसापासून. मी ती नाही, असंच सांगत होती. हो म्हणालं ते मशीन, आणि मी. हिरवं मी दाबलं.

ऑर्डर छापखान्याची. दारावर डकवायचे कागद. फोटो माझा.

लाल दाबलं, मशीन घेईना. आधी तुम्ही कोण ते दाखवा म्हणालं. मी तोंड दाखवलं आणि जन्मभर हलवली तशी आडवी मान हलवली. उत्तर आलं — या नेव्याना नाहीत.

३ नोव्हेंबर
दादांना फोन केला. म्हणाले, अगं, उभी हलव ना मान, त्यात काय झिजतंय? मग म्हणाले, पण नेव्याना तर आज सकाळपासून कामाला बसलीय, कामही झटपट करतेय. तुम्ही कोण बोलताय?

मान उभी हलवायची म्हणजे माझ्याच घरात मीच म्हणायचं, मी नेव्याना नाही. नाही जमत मला.

५ नोव्हेंबर
कागद लागला. इमारतीच्या दारावर. फोटो माझा. नावाची जागा कोरी. खाली — शोकाकुल, नेव्याना.

मावशीचं दार वाजवलं. तिनं उघडलं. माझ्यातून पलीकडे पाहत राहिली. आत टेबलावर निळे कप. मावशीनं मागं वळून विचारलं, नेव्याना, दाराशी कुणी आहे का गं?

आतून तिनं मान वरखाली केली.

मावशीला या वेळी बरोबर कळलं. दार लावलं.

६ नोव्हेंबर
फोन समोर ठेवलाय. एकदाच हलवायची. नाव परत मिळेल — मावशी हाक मारेल —

विचारतंय. तुम्हीच का.

हलवली. उभी. हिरवं लागलं, देवा, हिरवं —

मागं खुर्ची सरकली. ती म्हणतेय, आता तूही नाही म्हणालीस. मी म्हटलं, ते मशीनसाठी — तसं नव्हतं म्हणायचं —

विचारतेय, मग हे लिहिणारी कोण

मी ने