तामरचेरुवूच्या काठचं घर

११ मार्च

तोच! डॉ. हर्षवर्धन रणदिवे. सहीसुद्धा तीच, शेवटचं अक्षर खाली लोंबणारं. शिवराजच्या केसपेपरवर ती इतक्यांदा पाहिली आहे की अंधारात ओळखीन.

नरसिंहम सारांनी नेहमीसारखी फाईल टेबलावर टाकली. "चारुलता मॅडम, तामरचेरुवूवाली. जरा अर्जंट." घराची परवानगी. तळमजला, वर एक मजला, तोंड तामरचेरुवू तलावाकडे. तलाव संरक्षित, पक्ष्यांचा. माझं काम एवढंच की जागा पाहायची आणि घर पाण्याच्या हद्दीत येतं का ते लिहून द्यायचं. माझं मत गेल्याशिवाय तिथे एक वीट बसत नाही.

माझं मत!

खरं तर सांगायला हवं होतं की अर्जदार ओळखीचा आहे, फाईल दुसऱ्या कुणाला द्या. नाही सांगितलं. फाईल ड्रॉवरमध्ये ठेवली, किल्ली पर्समध्ये.

१२ मार्च

झोप छान लागली. किती वर्षांनी!

१४ मार्च

होळी. लेक, निशिगंधा, मैत्रिणींकडे तारनाक्याला गेली आहे. घर शांत. लिहून टाकते. निशूला मराठी नीट बोलता येतं, पण वाचायला दिलं की एकेक अक्षर लावत बसते आणि वैतागून सोडून देते. त्यामुळे ही वही ओट्यावर पडली तरी भीती नाही.

शिवराजच्या पित्ताशयात खडे होते. साधं ऑपरेशन. रणदिवे तेव्हा नुकताच पुण्याहून आलेला, शहरभर त्याचं नाव. "दोन दिवसांत घरी जाल," म्हणाला. ऑपरेशननंतर शिवराजचं पोट फुगत गेलं. माझा हात धरून म्हणाले, "चारू, काहीतरी चुकलंय." मी सिस्टरला सांगितलं, ती म्हणाली डॉक्टर येतील. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. तोवर सगळं रक्तात पसरलेलं. मग आयसीयू. मग मी एकटी बरकतपुऱ्याला परत आले. निशू आठवीत होती.

कॉरिडॉरमध्ये तो मोबाईलकडे बघत म्हणाला, "असं होतं कधी कधी, ताई."

असं होतं!

मी तक्रार केली. चौकशी झाली. बसले कोण? त्याच्याच धंद्यातले. निकाल एका ओळीचा, हलगर्जी आढळली नाही. एका ओळीत माझा नवरा मिटवला त्यांनी. आता लिहायला एक ओळ माझ्या हातात आली आहे.

१८ मार्च

आज जागा पाहून आले. मुद्दाम एकटी गेले.

सुंदर जागा आहे, मेल्याची. समोर पाणी, पाण्यात कमळाची पानं, काठाला जांभळ्या पाणकोंबड्या. नकाशाप्रमाणे सगळं ठीक. तलाव पूर्ण भरला की पाणी जिथवर येतं, ती रेषा. तिच्यापुढे मोकळी सोडायची पट्टी. त्या पट्टीच्या जेमतेम बाहेर याचं घर. कायद्याने हात लावता येत नाही. माझं तोंड कडू झालं.

मग खड्डा दिसला. मातीच्या तपासणीसाठी खणलेला. सहज वाकले. वरची माती लाल मुरूम, बाहेरून आणून टाकलेली. हातभर खाली काळा चिखल, आणि त्यात शंख! पाणगोगलगायींचे, पांढरे, बोटाच्या पेराएवढे. मूठभर निघाले. पाणकणसाची कुजलेली मुळंही निघाली. ही झाडं पाण्यात पाय असल्याशिवाय उभी राहत नाहीत. एम.एस्सी.ला आम्ही हेच शिकलो.

म्हणजे तलाव इथवर होता. नकाशाची रेषा कुणीतरी दुष्काळाच्या वर्षी काढली असणार. भरपूर पाऊस झाला तर त्याच्या हॉलमध्ये पाणी उभं राहील.

गाडीत बसून हसले. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

१९ मार्च

दिवसभर एकच विचार. आधी वाटलं, वा! नकार द्यायला खरं कारण मिळालं. पण नकार दिला तर त्याचं काय जाणार? दुसरा प्लॉट घेईल. पैसेवाला माणूस.

आणि होकार दिला तर?

नकाशाप्रमाणे सगळं नियमात आहे. माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही. बांधू दे. सागवानी दारं बसवू दे, पुण्याहून पाहुणे बोलावून वास्तुशांत करू दे. मग एखाद्या पावसाळ्यात येईल पाणी. तो माझ्याकडे धावत येईल आणि मी म्हणेन...

काय म्हणेन ते मला पाठ आहे.

२१ मार्च

तो आज ऑफिसला आला!

केस पांढरे झालेत, पोट सुटलंय. दारावरची नावाची पाटी वाचून खूश. "अरे वा, मॅडम मराठी! इथे मराठीत बोलायला कुणी मिळत नाही हो. कुठल्या तुम्ही?"

"इथलीच. बरकतपुरा."

"नाही, मूळच्या?"

"मूळची पण इथलीच. आजोबांच्या आधीपासून."

मला वाटलं, आता ओळखेल. आडनाव पाटीवर आहे. चेहरा समोर आहे. याच चेहऱ्याने त्याच्या केबिनबाहेर किती दिवस काढले! तो खिशातून मोबाईल काढून मला घराचं चित्र दाखवत होता. "ही मोठी खिडकी बघा. सकाळी पडदा सरकवला की थेट पाणी."

ओळखलंच नाही. राग नाही, लाज नाही, काही नाही. त्याच्या डोक्यात आम्ही नव्हतोच कधी.

जाताना म्हणाला, "जरा लवकर बघा, ताई."

ताई!

२४ मार्च

लिहिलं. "प्रस्तावित बांधकामास हरकत नाही." अक्षर छान आलं. शंखांचा उल्लेख नाही. परवा संयुक्त पाहणी आहे, मी, नरसिंहम सार आणि अर्जदार. ती झाली की सही करून पुढे पाठवायचं.

संध्याकाळी पुरण घातलं. निशू म्हणाली, "मम्मी, आज क्या है?" म्हटलं, काही नाही, मन झालं.

२६ मार्च

सगळं बिघडलं.

पाहणीला तो आईला घेऊन आला होता. उषाबाई. ऐंशीच्या पुढच्या, दोन्ही गुडघे गेलेले, वॉकर धरून चालतात, वॉकरला काठी अडकवलेली. मला लांबून बघूनच म्हणाल्या, "या गं बाई, इकडे सावलीत या. ऊन केवढं!" डब्यातून लाडू काढून हातात ठेवला. नको म्हणायच्या आत.

मग जमिनीवर काठी टेकवून दाखवलं. "इथे माझी खोली. जिना चढवत नाही ना. हर्षूने खाली दिलीये. अंथरुणातून पाणी दिसेल म्हणतो. आता इथून उठायचं नाही मी."

काठी कुठे टेकवली होती? खड्ड्याच्या बरोब्बर कडेला.

मी लाडू हातात घेऊन उभी. नरसिंहम सार कागद पुढे करत होते, "मॅडम, सही?" म्हटलं, उद्या देते.

ही म्हातारी कशाला आणली त्याने? कशाला?

२७ मार्च

आधीचं फाडलं. नवीन लिहिलं. शंख, काळी माती, पाणकणीस, सगळं. फोटो लावले. "ही जागा तलावाच्या नैसर्गिक पसाऱ्यात येते. निवासी बांधकाम धोक्याचे. परवानगी देऊ नये."

त्या बाईचा राग येतोय मला. इतकी वर्षं सांभाळलेला सूड तिने एका लाडवात मोडून टाकला. ठीक आहे. नाही बुडवत. पण घर तर घेते त्याच्याकडून! सगळ्यांसमोर घेईन.

८ एप्रिल

सुनावणी. मोठ्या टेबलाभोवती सगळे. तो वकील घेऊन आला होता.

वकील म्हणाला, नकाशा आमच्या बाजूने आहे. मी शंखांची पिशवी टेबलावर उलटी केली. खडखड आवाज झाला. सगळे वाकून बघायला लागले.

रणदिवेचा आवाज चढला. "मॅडम, दोन-चार शिंपल्यांवरून माझं घर अडवणार तुम्ही? आर्किटेक्टने बघितलंय, इंजिनिअरने बघितलंय, सगळं नीट आहे."

"वरून नीटच दिसतं, डॉक्टर," मी म्हटलं. "आत काय चाललंय ते उघडून बघावं लागतं. वेळेवर."

त्याला समजलं नाही. नरसिंहम सार म्हणाले, परवानगी नाकारली. तो टेबलावर हात आपटून उठला. "पण असं कसं? एवढं सगळं ठरल्यावर?"

मी फाईल बंद केली. "असं होतं कधी कधी."

किती वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं हे वाक्य! त्याच्या चेहऱ्यावर काही हललं का? नाही. कुठलंच वाक्य नाही आठवलं त्याला.

घरी येऊन चहा केला आणि तो तसाच गार झाला. वाटला तेवढा आनंद झाला नाही. होईल. उद्या होईल.

१६ एप्रिल

त्याने माझ्याविरुद्ध तक्रार केली आहे! "सदर बाईंना माझ्याशी व्यक्तिगत वैर असल्यासारखे दिसते, कारण समजत नाही."

कारण समजत नाही!!

६ मे

वरिष्ठांनी दुसरी टीम पाठवली. त्यांनी स्वतः तीन ठिकाणी खणलं. सगळीकडे शंख. तक्रार निकाली. नरसिंहम सार म्हणाले, "मॅडम, तुमने तो पकडके रखा!"

त्यांनी हेही विचारलं, "उससे कुछ पुराना लफडा तो नहीं?" मी म्हटलं, नक्को सार, तसं काही नाही.

खोटं बोलले. तरी शंख खरेच आहेत ना?

१९ जून

प्लॉट विकायला काढलाय म्हणे. रिपोर्ट बघून कुणी घेत नाही. आज जरा आनंद झाला. दिलसुखनगरला जाऊन जांभळी साडी घेतली. निशू म्हणते, "मम्मी, किसकी शादी है?"

२ ऑगस्ट

काही लिहावंसं वाटत नाही. त्याचं घर गेलं. माझं दुखणं मात्र आहे तिथेच आहे.

२६ सप्टेंबर

दोन दिवस नुसता कोसळतोय. ऑफिसात सगळे फोनवर. दुपारी आम्ही तामरचेरुवूला गेलो. गाडी लांबच ठेवावी लागली.

त्याचा प्लॉट दिसत नाही. दिसतं ते पाणी. कुंपणाच्या खांबांची टोकं तेवढी वर. शेजारी जुनं घर आहे, नियम यायच्या आधीचं. त्याच्या तळमजल्यात छातीभर पाणी. पोरंबाळं गच्चीवर. पाणी पहाटे आलं म्हणाले, उठून बसेपर्यंत पलंग तरंगायला लागले. वर पळता आलं म्हणून वाचलो.

वर पळता आलं म्हणून.

मी छत्री धरून त्या जागेकडे बघत राहिले. वॉकर, काठी, गुडघे. आणि मी लिहिलं होतं, हरकत नाही. छान अक्षरात. तीन दिवस तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

२७ सप्टेंबर

त्याचा फोन. टीव्हीवर पाहिलं म्हणाला. आवाज बसलेला. "मॅडम, मी तुमच्याविरुद्ध तक्रार केली होती... आईला घेऊन येतो, तुमच्या पाया पडतो." मी म्हटलं, गरज नाही. ठेवला.

सूड घ्यायला गेले आणि उपकार करून बसले! याच्यावर! शिवराज, हसताय ना?

२ ऑक्टोबर

दसरा. तो आला. पत्ता ऑफिसातून काढला. एकटाच होता, आईचे गुडघे सुजलेत म्हणाला. हातात पेढे आणि जम्मीची, म्हणजे शमीची, पानं. "आईने पाठवलंय सोनं. तुम्ही अडवलं नसतं तर ती..." पेढ्यांचा पुडा पुढे केला.

मी म्हटलं, बसा. बसायला वळला आणि भिंतीपाशी थांबला. शिवराजच्या फोटोसमोर.

पाठ माझ्याकडे होती. मग म्हणाला, फोटोलाच म्हणाला, "सिस्टरचा फोन आला होता मला. संध्याकाळीच. पोट फुगलंय म्हणाली. घरी पाहुणे होते. सकाळी बघू म्हटलं. चौकशीत फोन आलाच नाही असं सांगितलं. तिलाही तसंच सांगायला लावलं."



निशू त्याच्यासाठी पाणी घेऊन दारात उभी होती. ग्लास तसाच घेऊन ती आत गेली.