हिच्या दवाखान्याचं फुकट मार्केटिंग

३ जून, सोमवार
आजपासून हिच्या डेंटल क्लिनिकचं मार्केटिंग माझ्याकडे. समोर नवीन दातवाला आल्यापासून पेशंट रोडावलेत. हिचं म्हणणं, साडूला काम देऊया, त्याचा तो धंदाच आहे. साडूला! ज्याला पार्किंगमध्ये स्वतःची गाडी सापडत नाही, तो आम्हाला पेशंट शोधून देणार.
मी सांगितलं, नेटवर सगळी टूल्स फुकट आहेत. अक्कल तेवढी आपली लागते. ही कुकर लावायला उठली. पटलं असावं.

५ जून
पोस्टर तयार. हसणाऱ्या बाईच्या बरोबर पुढच्या दोन दातांवर त्या डिझाइन टूलचं नाव उमटतं. पैसे भरल्याशिवाय जात नाही म्हणे. लुटारू. ही म्हणाली, बाईचे दात किडल्यासारखे दिसतायत. मी म्हटलं, मग बरोबरच आहे की, दवाखान्याचीच जाहिरात आहे.

७ जून
वेबसाइटवर कोण येतं हे दाखवणारं टूल बसवलं. फुकट. एक जण सकाळपासून साइटवर ठाण मांडून आहे. प्रत्येक पान उघडतो. याच भागातला आहे. असे निष्ठावान लोक अजून आहेत जगात.

१० जून
साडू चहाला टपकला. निष्ठावान माणूस दाखवला, तर हसत सुटला. म्हणाला, तो तुम्हीच आहात, स्वतःचा कॉम्प्युटर वगळायचा असतो. जळतो माझ्यावर. तो गेल्यावर कॉम्प्युटर वगळून बघितला. साइटवर शुकशुकाट. वगळण्याची सोय बिघडलेली दिसते.

१२ जून
आता खरा डाव. पेशंटना ईमेल पाठवायची आणि प्रत्येक लिंकच्या शेपटाला एक खूण जोडायची. म्हणजे कोणत्या गटाने क्लिक केलं ते कळतं. साडू फोनवर म्हणाला, गटांना साधे नंबर द्या. कल्पनाशक्तीच नाही माणसाला.
मी गट पाडले. बिलात घासाघीस करणारे 'चिकट'. सुई दिसायच्या आत ओरडणारे 'रडके'. वेळ घेऊन न येणारे 'भामटे'. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंसाठी स्वतंत्र गट, 'कवळी-खडूस'. गेल्या वर्षी भर पेशंटांत तिने आमच्या पाटीवरची ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली होती. सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप केलंय. दिसणार फक्त मला.

१४ जून, सकाळ
ईमेल गेल्या.

दुपार
क्लिकवर क्लिक! आलेख भिंतीसारखा उभा. 'चिकट' सगळ्यांत पुढे. काही जण तर लिंक एकमेकांना फॉरवर्ड करतायत. साडूला आलेखाचा फोटो पाठवला. त्याने उलट विचारलं, खुणांना नावं काय दिलीत? उत्तर दिलं नाही. धंद्याची गुपितं असतात.

संध्याकाळ
दवाखान्याचा फोन सारखा वाजतोय. ही दाढ काढण्यात गुंतलेली. मी उचलला नाही. फोन उचलणं हे मार्केटिंग नव्हे.

१५ जून
मुख्याध्यापिका बाई अपॉइंटमेंट नसताना आली. मोबाइल डोळ्यांपाशी धरून तिने हिच्यापुढे लिंक वाचली. पहिल्या अक्षरापासून, वर्गात वाचतात तशी, एकेक अक्षर सुटं. शेपूट आलं, तेही वाचलं. मग म्हणाली, की खडूस मला शाळेतही म्हणायचे. पण डॉक्टर, कवळीचं माप घेताना मी घाबरले होते, तेव्हा तुम्ही माझा हात धरला होतात. म्हणून मी समोरच्या डॉक्टरकडे गेले नाही.
आणि गेली.
तेवढ्यात 'चिकट' गटातल्या एकाचा फोन. त्याने लिंक भावाला पाठवली होती, भावाला आलेल्या लिंकवर निघालं 'रडके'. दोघांनी ताडून बघितलं. आता दोघांनाही एकमेकांचा गट जास्त बरा वाटतोय.
माझी बाजू सरळ आहे. लिंकवर क्लिक करायचं असतं. ती वाचत बसायला सांगितलं कोणी? हे हिला समजावलं. तिने हातमोजे काढले, टोपलीत टाकले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

१७ जून
समोरच्या दातवाल्याकडे लोक उभे राहून वाट बघतायत, खुर्च्या पुरत नाहीत. त्यात दोन 'भामटे' ओळखले. तिकडे बरे वेळेवर जातात!
शेवटी मोठेपणा घेतला. सगळ्यांना माफीची ईमेल लिहिली, गैरसमज तुमचा असला तरी क्षमस्व, अशी. जाईना. तक्रारी फार आल्या म्हणून ईमेलवाल्या कंपनीने खातं बंद केलंय. माफी मागायची सोय फुकटच्या प्लॅनमध्ये नाही.

१९ जून
ही पेशंटांच्या घरोघरी निघाली. म्हणाली, तुम्ही फक्त गाडी चालवा, तोंड उघडू नका. मी तरी कुठे उघडणार होतो.
शेवटचं घर मुख्याध्यापिकेचं. तिसरा मजला. मी बाहेर जिन्यातच थांबलो. दार नीट लागलं नव्हतं, म्हणून ऐकू आलं. मी ऐकत नव्हतो.
बाई विचारत होती, की एवढा राग कशाचा हो त्यांना माणसांचा? वाटलं, ही आता माझा पाढा वाचणार. पण ही म्हणाली, की राग नाही हो. नोकरी गेल्यापासून त्यांना माणसांशी बोलायचीच भीती वाटते. घरात बसून असं काहीतरी लिहितात.
सपशेल चूक. एक तर नोकरी गेली नाही, मी सोडली. दुसरं, भीती वगैरे काही नाही. माणसं मला आवडत नाहीत, एवढंच. हे आत जाऊन स्पष्ट सांगणारच होतो.
तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन उतरले. मला बघून थांबले आणि हसून विचारलं, कोणाकडे आलात?
मी भिंतीकडे वळलो आणि ते खाली पोचेपर्यंत वीजमीटर वाचत उभा राहिलो.