खुर्चीत पाठ टेकून

आबा, आज वर्गात एका मुलीनं मला गप्प केलं. तुमची लेक गप्प बसली हे ऐकून तुम्हाला आधी हसूच आलं असतं. बावधनला मी मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींचे वर्ग घेते. पहिल्या भेटीत समोरच्यावर छाप कशी पाडायची, ते शिकवते. फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘देहबोली’ असं लिहिते आणि खाली जे जे सांगते ते सगळं तुमचं असतं. दारात घुटमळायचं नाही. खुर्ची ओढायची नाही, उचलून मागे घ्यायची. टोकाशी बसायचं नाही, पाठ टेकून बसायचं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, पण रोखून नाही. हे कुणी शिकवलं ते मी कधी सांगत नाही, मुलांना वाटतं मॅडमनी कुठलातरी भारी कोर्स केलाय. आजची ती मुलगी आपल्या उरवड्याचीच, बोलणंही अगदी आपल्याकडचं. तिनं हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, समदं नीट केलं, नीट बसले, तरी न्हाई म्हनले तर? मग चूक कुणाची?” मी आत्मविश्वास वगैरे काहीतरी गुळमुळीत बोलले आणि वर्ग लवकर सोडला. घरी येऊन स्वतःपुरता चहा केला, तो निवून गेला, आणि आता हे लिहितेय.

उरवड्याच्या कारखान्याच्या गेटवर तुम्ही वॉचमन होतात, पण तुमचं खरं काम वेगळंच होतं. मुलाखतीला येणारी पोरं फाटकातून आत शिरतानाच तुम्हाला कळायचं, कोण लागणार आणि कोण परत येणार. मग राहवायचं नाही. त्यांना थांबवून नळावर तोंड धुवायला लावायचात, घामेजलेला हात पुसायला स्वतःचा रुमाल द्यायचात. एखादा तुमच्यापुढेच कमरेत वाकला तर त्याला झापायचात, मला कशाला वाकतोस, मी का सायेब हाय? आणि स्वतः मात्र गाडी आली की ताडकन उठून सलाम. गेटवर तुमच्यासाठी स्टूल होतं, पण पाळीभर त्यावर तुम्ही टेकलेलं मी बघितलं नाही.

माझी तालीम घरी चालायची. कारखान्यानं भंगारात काढलेली ती लोखंडी खुर्ची, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. तुम्ही खाटेवर साहेब होऊन बसता, माझी भूगोलाची वही फाइल म्हणून हातात. मी दाराबाहेर जाते, आत येते, खुर्ची उचलते, बसते. पुन्यांदा, तुम्ही म्हणता. मी पुन्हा बाहेर. आई चुलीपुढून विचारते, साहेब, भाकरी खाणार का मुलाखत संपल्यावर? तुम्ही हसू दाबत वही चाळता. पहिली नोकरी मला त्याच बसण्यावर मिळाली, असं मी अजून मानते.

मग रिहे गावचं ते प्रकरण. कॉलेजातला तो मुलगा, त्याच्याशीच लग्न करायचं असं मी ठरवून टाकलेलं. आपण बौद्ध वस्तीतले, ते पिढीजात जमीनवाले, हे काय मला कळत नव्हतं का? पण तो म्हणाला, एकदा तुझ्या वडिलांना घेऊन ये, पहिली भेट चांगली झाली की सगळं होतं. वाटेत मी तुम्हाला बजावत होते, आबा, जरा नमतं घ्या. तुम्ही नुसतं हूं म्हणालात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ड्युटीचेच बूट, पण आरशासारखे चकचकीत. त्यांच्या ओसरीवर खुर्च्या मांडलेल्या, त्याचे वडील आणि चुलते आधीच बसलेले. तुम्ही रामराम नाही केलात, जयभीम म्हणालात. खुर्ची ओढली नाहीत, उचललीत. पाठ टेकून बसलात. कामाला कुठं, असं चुलत्यांनी विचारल्यावर त्यांच्या डोळ्यांत बघून शांतपणे सांगितलंत, “गेटवर. वॉचमन हाय मी.” माझा जीव टांगणीला. तो मुलगा सगळा वेळ दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत उभा होता. त्याचं ते उभं राहणं मी तेव्हाच वाचायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष तुमच्या पाठीकडे.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. घरचे नाही म्हणतायत, तुझे वडील लई ताठ आहेत म्हणे. मी फोन ठेवला आणि तशीच चुलीपाशी आले, तुम्ही जेवायला बसला होतात. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. जन्मभर गेटवर सलाम ठोकलेत, माझ्यासाठी एक दिवस वाकला असतात तर काय बिघडलं असतं? आईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. तुम्ही घास ताटात ठेवलात.

“वाकलो असतो गं,” तुम्ही म्हणालात. “पन मी तितं एकदा वाकलो असतो, तर तुला तितं रोज वाकाया लागलं असतं.”

मी उठून बाहेर गेले.

त्यानंतर तुम्ही त्या लोखंडी खुर्चीवर बसलेले मला आठवत नाही. ती दारामागे गेली, तिच्यावर कपड्यांचा ढीग साठला. तुम्ही खाली पोत्यावर बसायला लागलात, कुणी विचारलं तर गुडघ्याचं निमित्त. गुडघा दुखणारा माणूस खाली बसतो होय? आईनं एकदा हळूच सांगितलं, गेटवर आता ते पोरांना काही सांगत नाहीत, नाव लिहून घेतात आणि सोडतात. मी ऐकून घेतलं. शेवटच्या आजारपणात, मी तुमची उशी सारखी करत असताना, तुम्ही विचारलंत, “तवा माज्यामुळं मोडलं का गं?” मी म्हटलं, आता कशाला ते आबा, आणि औषधाची बाटली शोधायला आत गेले. बाटली तिथंच होती, तुमच्या उशाशी.

लग्न नंतर मी केलंच नाही. त्याचं दुःख आता फारसं नाही, पण संध्याकाळी कुलूप उघडून आत आल्यावर, आलीस का, असं कुणी विचारत नाही, ते अजून लागतं. चार खुर्च्या आहेत माझ्याकडे. एकच वापरात आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये म्हणून लिहिते. तुम्हाला तसं बोलले त्याच्या आठव्या दिवशी मी एकटी रिह्याला गेले होते. पुरुष शेतावर, घरी त्याची आई. मी उंबऱ्याशी खाली बसले, आबा. पाय दुमडून, मान खाली घालून, हात जोडून. माझे वडील तसे नाहीत, त्यांच्या वतीनं मी माफी मागते, असं म्हणाले. ती बाई वाईट नव्हती. तांदूळ पाखडत होती, सूप बाजूला ठेवून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “तुज्या बापाच्या बसन्याचं न्हाई गं पोरी. कसाबी बसला असता, तरी आमी न्हाईच म्हनलो असतो.”

मला आठव्या दिवशीच कळलं होतं. घरी आले, तर तुम्ही खुर्ची दारामागे सरकवत होतात. मला राग कुणावर तरी काढायचाच होता, आणि तुम्ही घरात होतात, म्हणून त्या बाईचं बोलणं मी तुम्हाला सांगितलं नाही. पुढची नऊ वर्षं सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही नाही. उद्या त्या मुलीला काय ते सांगेन. पण तिच्याआधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही अगदी बरोबर बसला होतात, आबा.