पत्र्यातल्या तिकोनी भोकाची चौकशी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आता कुरकुरत नसतील अशी आशा आहे. आमचं बरं चाललंय असं लिहिणार होतो, पण नक्की काय चाललंय हेच मला कळेनासं झालं होतं. (कचेरीत पाच दिवस चुरगळलेल्या सदऱ्यानं जातोय. इस्त्री सापडत नव्हती.)

झालं असं, की मंगळवारी भरदुपारी वरून काहीतरी पडलं. त्यानं दारावरच्या पत्र्याला भोक पाडलं, खालच्या पायरीचा टवका उडवला आणि ते उसळून चालत्या वाळूच्या ट्रकमध्ये बसून निघून गेलं. वस्तू कुणीच धड पाहिली नाही. घरमालक पायरीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. आता ते पेपर घरात वाचतात. दाराच्या वर दोनच खिडक्या, उजवीकडे निवृत्त शाळामास्तरीणबाईंची, डावीकडे आमची. बाई खिडकीत कुंड्या ठेवतात, म्हणून मालकांनी त्यांना महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. बत्तीस वर्षं राहताहेत बिचाऱ्या.

मी मोजणी खात्यात (टेपचं टोक धरायला का होईना) असल्यामुळे छडा लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. टवक्यापासून भोकातून दोरी ताणली, ती सरळ बाईंच्या खिडकीत गेली. पण भोकाच्या कडा वर वळलेल्या. म्हणजे वस्तू खालून वर पडली, असा निष्कर्ष मी लेखी दिला. मालकांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. शिवाय भोक तिकोनी, एकीकडे टोक, दुसरीकडे सपाट. कुंडी गोल असते. तिकोनी काय असतं गं? मी नांगराच्या फाळापासून विमानाच्या तुकड्यापर्यंत जाऊन आलो. हिला विचारावं, तर ही उठून चहा ठेवायची. इतका चहा मी आयुष्यात प्यायलो नाही.

काल पत्रेवाला भेटला. मालकांना भोक जवळून दाखवायला त्यानं पत्रा उतरवला होता आणि परत बसवताना पालथा बसवला. पत्रा सुलटा करून दोरी ताणली, तर ती आली आमच्या खिडकीत, जिथे ही इस्त्री निवायला ठेवते. तू लग्नात दिलेली. मी दोरी धरून उभा, आणि ही रडत म्हणाली, मी फार भ्याले हो.

दोरी गुंडाळून खिशात टाकावी असं माझ्याही मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण भिंतीपलीकडे बाई भांडी बांधत होत्या, त्यांचा आवाज ऐकवेना. आज सकाळी मालकांना सगळं सांगितलं. बाईंनी गाठोडं सोडलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तुझा भाचा

ता. क. इस्त्री भक्कम होती, हे आता सगळी आळी मान्य करते.

ता. क. दुसरा. महिनाअखेरची मुदत मालकांनी वाया जाऊ दिली नाही, नुसतं तिचं दार बदललं, बाईंच्याऐवजी आमचं. तुझी माडीवरची खोली रिकामी आहे हे ठाऊक आहे. पण ही म्हणते, आत्यांना विचारा, तळमजल्यावर काही आहे का.