मीटरवर न चढलेले तास

४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी आठला हरमलच्या डोंगरावर. संध्याकाळी सहाला उतरलो. जेसीबीचा मीटर म्हणतो पाच तास! बाकीचे पाच कुठं गेले? टिपर आला नाही म्हणून थांब. आखणीवाला आला नाही म्हणून थांब. इंजिन बंद, मीटर बंद, माझी मजुरी बंद. ऊन मात्र चालूच.

मशीन सगुणचं. त्याला म्हटलं, थांबलेला वेळ धरा की थोडा. हसला. ‘मीटर बोलता, महेश. तू नाय, मी नाय.’

मी कुणाचाच पगारी नाही. जो बोलवील त्याच्या मशीनवर बसायचं, तासावर पैसे. म्हणून ही वही. जे तास मीटरला दिसत नाहीत ते इथं तरी राहू देत.

महिन्यात दोनशे तास भरले तर तुये गावातली खोली भाड्यानं घेता येईल. घरमालकीण यशोदाबाई महिनाअखेरपर्यंत थांबणार, मग दुसऱ्याला देणार. खोली झाली की दीपाला आणि पोरीला चंदगडहून इथं गोव्यात आणायचं. पोर आता चालते म्हणे. मी अजून बघितलं नाही.

५ नोव्हेंबर
मीटर एक तास. वहीत नऊ.

७ नोव्हेंबर
दीपाचा फोन. आधी विचारायची, जेवलासा का? आता विचारते, ‘आज किती तास भरलं?’ तिचा काय दोष. मीच शिकवलं.

९ नोव्हेंबर, शनिवार
शेजारच्या प्लॉटवरचा ऑपरेटर शंभू. बेळगावकडचा, मुरलेला. म्हणाला, ‘येडा आहेस का रे? इंजिन बंदच कशाला करतोस? मीटरला काय कळतंय, माती काढतोस का बिडी ओढतोस!’

डिझेल साइटमालकाचं. दिवसभर चालू ठेवलं. झाडाखाली थांबलो तरी चालू, पाव-भाजी खाल्ली तरी चालू. साडेनऊ तास! सगुणनं आकडा बघितला आणि बिलात तसाच लिहिला. त्यालाही तासावरच मिळतात ना.

चोरी आहे? असू दे. माझे पाच-पाच तास खाल्ले, ती काय होती?

१२ नोव्हेंबर, मंगळवार
आज जांभळीच्या पलीकडं खणायचं होतं. तिथून राखणदाराची, जागा राखणाऱ्या देवाची, हद्द लागते म्हणे. त्याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय माती हलवायची नाही. गावातले दहा-बाराजण आले. नारळ, विडा, बिडी, दारूची बाटली मांडली. म्हातारे रामचंद्रकाका चपला काढून पुढं उभे.

सगुणनं हात केला — इंजिन बंद कर. दिसला मला. चांगला दिसला. मी दुसरीकडं बघितलं.

काकांचे ओठ नुसते हलत होते. एक-एक मागणं झालं की लोकांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, पण इंजिनापुढं ऐकूच येईना. मग सगळे काकांच्या तोंडाकडं बघून अंदाजानं ओरडायचे. एक इथं, एक तिथं. मला केबिनमध्ये हसू आलं!

चाळीस मिनिटं. सगळी मीटरवर चढली.

१३ नोव्हेंबर
दहाला हायड्रॉलिकचा पाइप फुटला. तेल सगळं मातीवर. पाइप जुना होता, मी दोनदा सांगितलेलं. पण कोण ऐकतंय!

अर्ध्या तासात गाव जमा. एकजण अंगावरच आला. ‘देवाक गाऱ्हाणां पोचाक दिलंस नाय तू! कोणाच्या जाग्यात बसलंस, कळता काय तुका?’ रामचंद्रकाका मागं उभे होते. काम बंद.

सगुणचा फोन — ‘चाळीस मिनिटांसाठी सगळां घालवलंस.’ आणि फुगवलेल्या तासांची बिलं केली ती?

१४ नोव्हेंबर
मीटर शून्य. दीपाला म्हटलं, आठ.

१६ नोव्हेंबर, शनिवार
सोमवारपासून मशीनवर दुसरा माणूस. वर सगुण म्हणतो, उद्या परत गाऱ्हाणं आहे, येऊन उभा राहा. नाही आलास तर पेडणे तालुक्यात कोणी मशीनला हात लावू देणार नाही. म्हणजे कामही गेलं, मानही द्यायचा!

यशोदाबाईला सांगून टाकलं, खोली द्या कुणाला द्यायची त्याला. म्हणाली, ‘बायलेक विचार तरी.’ काय विचारू?

१७ नोव्हेंबर, रविवार
गेलो. चपला काढून मागं उभा राहिलो. काकांनी वळून विचारलं, ‘नाव काय रे तुजा? गाव खंयचो?’ सांगितलं. नारळ हातात घेऊन त्यांनी सुरुवातच केली — ‘बा राखणदारा, हो चंदगडचो महेश. घरदार सोडून तुज्या हद्दीत राबाक इलो. हेका सांबाळ, हेच्या बायल-पोरांक सांबाळ.’

व्हय म्हाराजा! दहा-बारा तोंडं, एकदम.

मग जागेच्या मालकाचं, मग गावाचं.

निघताना विचारलं, काका, माझं आज मुद्दाम घातलं का?

‘नाय रे. त्या दिवसाय पयला तुजाच घातलेला. नाव म्हायत नाय व्हता, म्हणान मशीनवालो म्हटलंय.’