उकळलेला कप

मंगळवार, संध्याकाळ. कोपरी.

रविवारचं आज लिहितोय. दोन दिवस वही उघडायची, पेनाचं टोपण चावायचं, की ठेवून द्यायची, एवढंच चाललेलं.

टीबीवरचं जाड पुस्तक माजिवड्याच्या रद्दीवाल्याकडून उचललेलं, सहजच. अर्धं वाचून डोंबिवलीला मावशीकडे गेलो, कारण तिच्या मुलीला, सुषमाताईला, टीबी झालाय. सगळे समजले, तिला भेटायला आलाय. खरं तर पुस्तकातलं जुळतंय का ते बघायचं होतं मला. "रात्री घाम येतो? खोकल्यातून रक्त पडतं?" असलं विचारत बसलो. ताई हसली, "अरे, तू कधी डॉक्टर झालास?"

मग मावशीने चहा आणला. मी कपाला हातच लावला नाही. चहावर साय धरली. मावशी हळूच म्हणाली, "पी रे, कप उकळून घेतलाय." मी म्हटलं, ॲसिडिटी झालीय. ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

आज पुढचं प्रकरण वाचलं. कपाबशीतून टीबी पसरत नाही, साफ लिहिलंय. शनिवारीच वाचणार होतो, पण मॅच बघत बसलो. आणि पुस्तक कशाला? ताईला विचारलं असतं तर तिनेच सांगितलं असतं. माझ्यासाठी कप उकळताना मावशीला काय वाटलं असेल?

ताईला फोन लावायला घेतला, पण

बेल वाजली. बाहेर आई ओरडतेय, "अगं सुषमा, तू? एकटीच आलीस?" आणि ताई, मला ऐकू येईल अशा आवाजात, "हो मावशी. चहा टाक. ह्याला नको हं, ह्याला ॲसिडिटी आहे."