पिवळी टोपी

प्रिय अवधूत भावजी,

तुम्ही टोपी मागितलीत. ती माझ्याकडेच आहे, धुऊन घडी घालून ठेवली आहे, आणि ती तुम्हाला मिळणार नाही. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही हसून विषय बदलला असता, म्हणून लिहिते आहे. 'प्रिय' लिहिलं ते तुम्ही ह्यांचे धाकटे भाऊ म्हणून. त्यापलीकडे त्यात काही शोधू नका.

दर एक जानेवारीला एचएसआर वस्तीतल्या तुमच्या गच्चीवर तुमचा तो ट्रेकिंगचा ग्रुप जमतो. एकेकानं माईक हातात घेऊन वर्षभराचे डोंगर जाहीर करायचे, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि जो अर्ध्यातून मागे फिरेल त्यानं पिवळी टोपी घालून फोटो काढून घ्यायचा, पुढच्या खेपेपर्यंत ती घरी सांभाळायची. अशानं उत्साह टिकतो, असं तुमचं म्हणणं. गेल्या वर्षी ह्यांनी बारा महिन्यांचे बारा डोंगर जाहीर केले. छप्पन्न वर्षांचा माणूस, जन्म चिकपेट बाजारातल्या साड्यांच्या दुकानात गादीवर बसण्यात गेलेला. मी म्हटलं, स्वल्प कमी करा. तर म्हणाले, अवधूतसमोर कमी कसं सांगू?

पहिल्याच डोंगरावर धाप लागली आणि हे शहाण्यासारखे परत फिरले. तुम्ही ह्यांच्या डोक्यावर टोपी चढवलीत. फोटो चिकपेटभर फिरला. शेजारच्या दुकानातले शिवाप्पा रोज शटर वर करताना विचारायचे, काय अण्णा, आज दुकान पूर्ण उघडणार की अर्धंच? हे हसायचे. घरी मात्र अर्ध्या ताटावरून उठायचे.

मग फेब्रुवारीत दुसरा डोंगर, सावनदुर्ग. तुमच्यातल्याच कुणीतरी काढलेला व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिलाय की डोळे मिटूनही दिसतो. हे पडक्या बुरुजापाशी बसलेत, हात छातीवर. तुमचा आवाज येतो: दादा, टोपी पिशवीत आहे ना? काढू का बाहेर? सगळे हसतात. हेही हसतात, गुडघ्यावर हात टेकून उठतात. टाळ्या. वर पोचले ते आपल्या पायांनी, खाली आले ते चौघांच्या हातांवर. टोपी त्यांच्या पिशवीतून माझ्याकडे आली.

डॉक्टर म्हणाले, हे कधीही झालं असतं. असेल. पण त्या दिवशी त्यांना बसून राहावंसं वाटत होतं, आणि तुम्ही बसू दिलं नाहीत. आता तोच व्हिडिओ नव्या वर्षाच्या निरोपात तुम्ही सगळ्यांना पाठवलात. खाली लिहिलंत, दादा थांबला नाही, तुम्हीही थांबू नका. भावजी, सख्ख्या भावाचं मरण तुम्ही लोकांचा उत्साह वाढवायला वापरलंत.

माझी शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही. गेल्या वर्षभरात डोंगर चढणाऱ्यांचीच पुस्तकं वाचली, दुसरं वाचवेना. शिखर समोर दिसत असताना मागे फिरलेली माणसं त्यांत आहेत, आणि मान खाली घालून त्यांनी ते लिहिलेलं नाही. तुमच्या गच्चीवर त्यांनाही टोपी मिळाली असती.

ह्यांचे बूट अजून दारातल्या फळीवर आहेत. झाडताना उचलते, पुसते, परत तिथेच ठेवते. परवा त्यांच्याशेजारी नवे बूट दिसले. आमच्या स्वानंदीचे. बाबांचे राहिलेले डोंगर पुरे करते म्हणाली; तुमच्याकडे नावही देऊन आली, आणि मला बुटांवरून कळलं.

मी तिला अडवणार नाही. बापावर गेली आहे, अडवलं तर दुप्पट चढेल. पण दमली तर सांगणारही नाही, आणि त्यातही बापावरच गेली आहे. म्हणून रविवारी सावनदुर्गला मीही येते आहे. माझा ह्या वर्षीचा डोंगर लिहून घ्या: बुरुजापर्यंत, आणि परत. टोपी घरूनच घालून निघेन. फोटो काढा, हवा तिथे पाठवा, शिवाप्पांनाही. बुरुजापाशी मी बसून राहीन, शेजारी एका माणसाची जागा ठेवून. स्वानंदी तिथे टेकली, तर तुम्ही तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

तुमच्या दादाची बायको,
महानंदा